अडचण सोडवा, पायरीपायरीने

हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ या पुस्तकात प्रश्न सोडवण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती अमलात आणणे आणि उत्तर तपासणे.

गणितासाठीच्या या पायऱ्या घरातही उपयोगी पडतात. समजा, विजेचे बिल अचानक दुप्पट आले. आधी नेमके काय वाढले ते पाहा: युनिट, दर की मागील थकबाकी? युनिट वाढले असतील, तर बिलावरचे रीडिंग मीटरशी ताडून पाहा. ते जुळले, तर सगळी उपकरणे बंद करा. तरीही रीडिंग पुढे सरकत राहिले, तर वायरिंगमध्ये दोष असू शकतो, इलेक्ट्रिशियनला बोलवा. नाहीतर एकेक उपकरण चालू करून खप मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या, तर फरक कशाने पडला ते कळत नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा बिघाडही असाच शोधतात.

चौथी पायरी मात्र घाईत हमखास गळते. विद्यार्थ्यांनी आलेले उत्तर मूळ समीकरणात घालून पाहावे. नोकरदारांनी काय बिघडले आणि कशाने सुटले, हे वहीत दोन ओळींत टिपून ठेवावे. तीच अडचण पुन्हा आली, तर शोध पहिल्यापासून घ्यावा लागणार नाही.