धुराचे ठोके आणि मॅनिफोल्डची निवड

इंजिनातला धूर नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही. तो ठोक्याठोक्याने बाहेर पडतो. प्रत्येक सिलिंडरची एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडली की दाबलेला तप्त वायू झटक्यासरशी सुटतो. या वायूवर टर्बोचार्जरची टर्बाइन फिरते आणि तिच्याच शाफ्टवरचा कॉम्प्रेसर इंजिनात जादा हवा कोंबतो. सिलिंडर आणि टर्बाइन यांच्यामधली वाट म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. ठोका तसाच पुढे न्यायचा की वाटेत शमवायचा, हा तिच्या रचनेतला मूळ प्रश्न.

टर्बोचार्जिंगचे जनक, स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची यांनी पहिले पेटंट १९०५ साली घेतले. १९२५ मध्ये त्यांनी ठोका जपणारी पद्धत मांडली. तिचे मर्म चार सिलिंडरांच्या इंजिनात सहज दिसते. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणजे दर १८० अंशांना एक ठोका; पण व्हॉल्व्ह त्याहून अधिक काळ उघडी असते. चारही नळ्या एकत्र आणल्या, तर एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत आडवा येतो. १ व ४ आणि २ व ३ अशा जोड्या लावल्या, की अंतर ३६० अंशांचे होते. मात्र टर्बाइनच्या घरातही दोन वेगळ्या वाटा हव्यात. नाहीतर जोड्या लावूनही फारसे हाती लागत नाही.

जहाजांची मोठी, संथ इंजिने उलट मार्ग धरतात. सगळा धूर एका रुंद नळकांड्यात येऊन दाब स्थिरावतो, आणि स्थिर प्रवाहात टर्बाइन उत्तम चालते. दिवसेंदिवस एकाच वेगाने जाणाऱ्या जहाजाला हे सोयीचे. सिग्नलवरून पुन्हापुन्हा निघणाऱ्या बसला नाही, कारण रुंद नळकांड्यात दाब चढायला वेळ लागतो.

उरतो धातूचा प्रश्न. समान लांबीच्या, वेल्डिंग केलेल्या स्टेनलेस नळ्या शर्यतीच्या गाडीत शोभतात. पण अर्धा मीटर नळी ८०० अंशांनी तापली, तर सुमारे ७ मिलिमीटर वाढते. दोन्ही टोके जखडलेली असली की तो ताण वेल्डिंगवर येतो. तिथे भेग पडली, तर ठोका टर्बाइनपर्यंत पोहोचण्याआधीच निसटतो. चढावर जोर कमी पडतो.

म्हणून रोजच्या वाहनाला आखूड, विभागलेला, बिडाचा ओतीव मॅनिफोल्डच योग्य. तो दिसायला ओबडधोबड असतो, पण वर्षानुवर्षे तापणे-निवणे सोसतो. कागदावरची कमाल अश्वशक्ती नव्हे, तर इंजिनाला रोज करावे लागणारे काम पाहून निवड करावी.