विमान उडालंच नाही, पण त्याच्या नावाची टीम चॅम्पियन झाली!

युरोपच्या काँकॉर्डला उत्तर म्हणून १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी सुपरसॉनिक प्रवासी विमानाची घोषणा केली. कंत्राट बोईंगला मिळालं. विमानाचं नाव २७०७, वेग आवाजाच्या २.७ पट. २६ एअरलाइन्सनी १२२ विमानं बुक केली. त्यात आपली एअर इंडियाही होती.

टेकऑफला पसरणारे आणि वेगात मागे वळणारे पंख बोईंगने आखले खरे, पण ती यंत्रणा इतकी जड झाली की १९६८ मध्ये साध्या स्थिर पंखांवर यावं लागलं.

खरी डोकेदुखी होती ती आवाजाची. ध्वनीचा वेग ओलांडला की जमिनीवर धमाका ऐकू येतो. लोक तो सहन करतील का? हे पाहायला १९६४ मध्ये ओक्लाहोमा सिटीवर सहा महिने रोज आठ धमाके केले गेले. प्रयोगशाळा म्हणजे अख्खं शहर! हजारो तक्रारी आल्या.

१९७१ मध्ये अमेरिकी संसदेने पैसे थांबवले. नमुना विमानंही अपुरीच राहिली आणि बोईंगच्या सिअ‍ॅटलमध्ये हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. या विमानावरून नाव घेतलेली तिथली बास्केटबॉल टीम ‘सुपरसॉनिक्स’ मात्र टिकली, १९७९ मध्ये एनबीए चॅम्पियनही झाली. २००८ मध्ये तीही शहर सोडून गेली, थेट ओक्लाहोमा सिटीला. तिथे तिचं नाव पडलं ‘थंडर’, म्हणजे गडगडाट.