एलईडी मासेमारी : दिव्याला मासे भुलतात, मग बंदी का?

कोल्हापूर-कागलच्या बाजारात बांगडा घाट चढून येतो, तो कोकणातून. त्याच कोकणात मासेमारीच्या एका पद्धतीवरून वाद पेटलेला आहे.

नेमकं काय करतात?
गळाला आमिष लावतात, तसा इथे उजेडच आमिष असतो. रात्री बोटीवरच्या जनरेटरवर प्रखर एलईडी दिवे लावतात, काही पाण्याच्या वर, काही पाण्यात. उजेडाकडे प्लवंग आणि बारीक मासळी ओढली जाते. ती खायला बांगडा, म्हाकूल येतात. थवा जमला की भोवती पर्ससीन जाळं टाकून ते बटव्याच्या नाडीसारखं खालून आवळतात. अमावास्येच्या आसपास हे जास्त साधतं, कारण चांदण्यात दिव्याची ओढ कमी होते.

मग बिघडतं कुठे?
उजेड लहान-मोठं पाहत नाही. पिल्लं आणि अजून अंडी न घातलेली मासळीही जाळ्यात येते. थवेच्या थवे बाहेरच उचलले गेले, तर किनाऱ्याजवळ रापण ओढणाऱ्यांच्या आणि छोट्या होड्यांच्या वाट्याला काय उरणार?

कायदा काय सांगतो?
केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्राने १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून ५ ते २० लाख रुपये दंड ठेवला. पण दिवा विझवला की काळोखात पुरावा सापडणं कठीण. त्यामुळे ही बंदी खरी ठरते ती समुद्रातल्या रात्रीच्या गस्तीवरच.