किनाऱ्यावरची पाकिटं, बंदीचे दोन महिने
लेखांक ५

गेल्या आठवड्यात मुंबईला गेलेल्या मुलांविषयी लिहिलं. आज आंजर्ले गावात राहिलेल्यांविषयी.

2023 च्या ऑगस्टमध्ये दापोली तालुक्यात कर्दे, लाडघर, केळशी, मुरुड अशा गावांच्या पुळणीवर चरसाची पाकिटं वाहून आली. कस्टमने गोळा केलेला माल अडीचशे किलोंच्या वर गेला. आंजर्ले याच पट्ट्यात, केळशी आणि हर्णैच्या मधे. चर्चा झाली ती मालाच्या किमतीची. असं पाकीट एखाद्या पोराच्या हाती लागलं तर पुढे काय, ते घराघरांत नीट सांगायला हवं.

चरस म्हणजे गांजाच्या झाडाचा चीक. वाढत्या वयात तो स्मरणशक्ती आणि एकाग्रतेवर घाला घालतो. काहींना भास होऊ लागतात. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात एक किलोपेक्षा जास्त चरस बाळगल्यास किमान दहा वर्षं सक्तमजुरी आहे. वाळूत सापडलं म्हणून माळ्यावर ठेवलं, तरी पोलीस तो ताबाच धरणार. पण याच कायद्याचं कलम 64-अ फार थोड्या आईबापांना ठाऊक असतं. किरकोळ प्रमाणात, म्हणजे चरस असेल तर शंभर ग्रॅमपर्यंत, सापडलेला व्यसनी मुलगा स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. अब्रूच्या आणि पोलिसांच्या भीतीने मुलाला घरात दडवून ठेवणाऱ्यांनी हे कलम आधी समजून घ्यावं.

आता कामाकडे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे तेव्हा शाळेत असलेली मुलं कामाच्या वयात आली, तरी बागेचं उत्पन्न पूर्वीसारखं नाही. मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी. खलाशी पोरगा हे दोन महिने रिकामा, आणि वाईट संगत लागते ती याच दिवसांत. पण होड्या वर ओढल्या की इंजिनं उघडली जातात, म्हणजे डिझेल मेकॅनिकला कामाची सुगी याच महिन्यांत! प्रशिक्षण निवडताना गावचं असं वर्ष बघायला हवं. होड्यांची इंजिनं, मासळीची शीतगृहं, पर्यटकांच्या खोल्यांची वायरिंग, नारळावर चढण्याचं यंत्र, ही सगळी आंजर्ल्यात मागणी असलेली कामं. आयटीआयखेरीज होडी बांधणाऱ्या आणि जाळी विणणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांसाठी 2023 ची पीएम विश्वकर्मा योजना आहे: प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000.

मात्र नुसतं काम दिलं की व्यसन सुटतं, हे मला पटत नाही. हातात रोख मजुरी आली की जुने मित्रही येतात. पुण्यात 29 ऑगस्ट 1986 ला डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. अनिल अवचटांनी गर्द या अमली पदार्थावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले होते. तिथे समुपदेशन करणारे कित्येक जण स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आहेत. मुलगा त्यांचं ऐकतो, कारण त्यांना त्याची थाप लगेच कळते.

अशी नजर आपल्या प्रशिक्षण वर्गांत हवी. वर्षातून एकदा पोस्टर लावून आणि शपथ देऊन ती येत नाही. मुलगा दर सोमवारी गैरहजर, हात थरथरतात, पाने-पक्कड हरवतात, हे सर्वांत आधी वर्कशॉपमधल्या सरांना दिसतं. तिथे पटावरून नाव कमी करणं सोपं. पण नाव गेलं की त्याच्याकडे लक्ष ठेवणारं शेवटचं माणूसही जातं. सरांनी 14446 या राष्ट्रीय मोफत हेल्पलाइनवर आधी स्वतः बोलावं, मग पालकांना बोलवावं आणि उपचारांचे दिवस रजा धरून जागा राखावी. परतलेल्या मुलाचा पाय पुन्हा घसरू शकतो. तज्ज्ञ ते आजाराचाच भाग मानतात. तेव्हाही जागा राखावी.

पुढच्या आठवड्यात: मुली, आणि त्यांच्यासाठी तालुक्यात काय आहे.