विश्लेषण : २० हजारांची गिटार आणि दोन लाखांची गिटार… फरक नेमका कुठे?

धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानात दोन इलेक्ट्रिक गिटार शेजारीशेजारी टांगलेल्या असतात. आकार तोच, रंगही तोच. वरच्या टोकावरचे नाव तेवढे वेगळे. एकीची किंमत २० हजारांच्या घरात, दुसरीची दीड-दोन लाख. पहिली गिटार घ्यायला आलेल्या मुलाला, आणि त्याहून जास्त पैसे देणाऱ्या बाबांना, प्रश्न पडतो : एवढे पैसे कशाचे? आणि स्वस्तातली नवी घेण्यापेक्षा मोठ्या नावाची जुनी मिळाली तर?

एकाच घरातल्या दोघी

उदाहरण म्हणून फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर घेऊ. हे मॉडेल १९५४ पासून बाजारात आहे. त्याच कंपनीने १९८२ मध्ये ‘स्क्वायर’ हा स्वस्त ब्रँड आणला. आज स्क्वायरची ‘सॉनिक’ मालिका इंडोनेशियात बनते आणि अमेरिकेत साधारण २०० डॉलरना मिळते. फेंडरची ‘अमेरिकन प्रोफेशनल २’ ही मालिका कॅलिफोर्नियातल्या कोरोना इथल्या कारखान्यातली. किंमत दीड हजार डॉलरच्या वर.

आता मोजमापे पाहा. दोन्हींत तारेची वाजणारी लांबी २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. बोटे फिरतात त्या पट्टीची गोलाई दोन्हींत ९.५ इंच त्रिज्येची. नेक दोन्हींत मेपल लाकडाची आणि स्क्रूने जोडलेली. संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनला इंडोनेशिया काय नि कॅलिफोर्निया काय, सारखेच. ४० वर्षांपूर्वी स्वस्त गिटारची नेक वाकडी, फ्रेटची अंतरे चुकलेली असा अनुभव सर्रास यायचा. तो आता फारसा येत नाही.

मग पैसे जातात कुठे?

काही सुट्या भागांत जातात. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज पिकअपमधून येतो : चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात वीज तयार होते. बारावीच्या फिजिक्समधला फॅरेडेच! सॉनिकमध्ये सिरॅमिक चुंबक असतात, महागड्या मालिकेत अल्निको. आवाजाचा पोत बदलतो, पण पिकअप हा नंतर बदलता येणारा भाग आहे. पॉप्लर आणि आल्डर लाकडाच्या फरकावर तासन् तास वाद घालणारे भेटतील. माझ्या मते पहिल्या गिटारसाठी तो वाद बाजूला ठेवावा.

खरा खर्च हाताच्या कामाचा. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवर किती वेळ घालवतो ते ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. गिटारमध्ये तेच काम फ्रेटवर असते. प्रत्येक फ्रेट एका पातळीत आणायची, माथा गोल करायचा, टोके घासून गुळगुळीत करायची. महागड्या गिटारमध्ये पट्टीच्या कडाही गोलसर केलेल्या असतात. स्वस्त गिटारला एवढे तास मिळत नाहीत. परिणाम : हात सरकवला की टोके बोटाला कातरतात, एखाद्या जागी तार झणझणते.

त्याहून दुर्लक्षित भाग म्हणजे नट. नट-बोल्टमधला नव्हे, खुंट्यांच्या अलीकडे तारा ज्या छोट्या पट्टीच्या खाचांतून जातात, ती पट्टी. खाच अरुंद असेल तर मींड घेतल्यासारखी तार ओढली की ती खाचेत अडकते आणि सूर उतरतो किंवा चढतो. नवशिके खुंट्यांना दोष देतात, नव्या खुंट्या बसवतात, दुखणे तसेच राहते. खाच उथळ असेल तर पहिल्या फ्रेटवर तार दाबायलाच जोर लागतो आणि ‘माझी बोटेच कमकुवत’ असे वाटून कित्येक जण गिटार सोडून देतात. चांगला कारागीर हे काम तासा-दीड तासात करतो.

महाग म्हणजे टिकाऊ?

नाही. गिब्सनच्या लेस पॉलचे वरचे टोक १७ अंशांनी मागे झुकलेले असते. लाकूड महोगनी, आणि नटच्या मागेच ट्रस रॉडसाठी कोरलेला खड्डा. स्टँडवरून गिटार आडवी पडली की तिथेच मोडते. स्ट्रॅटचे टोक सरळ असल्याने ती बहुधा वाचते. गिब्सनचा नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ. काही स्टँडच्या रबराशीही त्याची रासायनिक प्रक्रिया होऊन डाग पडतात. स्वस्त गिटारवरचा जाड प्लास्टिकसारखा थर मात्र मुकाट सगळे सोसतो.

हवामान दोघींनाही सारखेच छळते. मुंबईच्या पावसाळ्यात घेतलेली गिटार मे महिन्यात नागपूरला नेली की पट्टीचे लाकूड आकसते, धातूची फ्रेट आकसत नाही आणि टोके बाहेर डोकावतात. कोकणात उलट, तारा आणि ब्रिजचे स्क्रू गंजतात.

जुनी घेताना काय पाहायचे?

मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला वापरलेली गिटार घेतली, रंगावर भाळून. आठवड्याने कळले, ट्रस रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला होता आणि नेक तरीही वाकलेली. सहा तारांचा मिळून सुमारे ४० किलोंचा ताण सांभाळणारी नेकमधली पोलादी कांब म्हणजे ट्रस रॉड. तो संपला की दुरुस्ती गिटारपेक्षा महाग. म्हणून विक्रेत्यासमोरच तो पाव फेरा फिरवून बघा. त्याने आढेवेढे घेतले तर उठा.

बाकी तपासणी फोनवर होते. टॉर्च तिरपा धरला की फ्रेटवर तारांनी पाडलेल्या खाचा दिसतात. पहिल्या तीन फ्रेटवर त्या खोल असतील तर किंमत पाडा, कारण फ्रेट बदलणे हे मोठे काम. ट्यूनर ॲप लावून बाराव्या फ्रेटवर तार दाबून आणि नुसती स्पर्श करून, दोन्ही स्वर जुळतात का पाहा. न जुळल्यास आधी तारा बदलून बघा, मग ब्रिजवरचे स्क्रू. पहिली आणि शेवटची फ्रेट दाबून आठव्या फ्रेटजवळ फट बघा. फेंडरच्या मार्गदर्शिकेत ती पाव मिलिमीटर सांगितली आहे, म्हणजे साध्या व्हिजिटिंग कार्डाएवढी. नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, बहुतेकदा क्लीनरच्या फवाऱ्याने ती जाते.

बजेट २५ हजार असेल तर २० ची गिटार घ्या. उरलेल्यातून आधी फ्रेट आणि नटचे काम करून घ्या, नव्या तारा लावा. अॅम्प्लिफायरचे पैसे मात्र वेगळे धरा. ते बाबांना आधीच सांगितलेले बरे.