मोटारीच्या धंद्याचा विद्यार्थी

“मोटारींचा कारखाना काढावयाचा आहे, कॉलेजांत कोणता विषय घेऊं?” असें विचारणारा विद्यार्थी भेटला, म्हणजे आम्ही त्यास प्रथम कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरांत घेऊन जातों. सबंध मोटार येथें होत नाहीं. पण तिचे बिडाचे अनेक भाग येथील व शिरोलीच्या फाउंड्र्यांत ओतले जातात. मालक होण्याची वाट बहुधा अशा एखाद्या लहानशा भागापासूनच सुरू होते.

तेथें त्यानें एक सुटी तरी काढावी. बीड थंड होतांना शेंकडा सुमारें १ आकसतें, म्हणून लांकडी पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, हें पुस्तकांतहि सांपडतें. पण वाळूंत ओलावा अधिक राहून ओतिवास छिद्रें पडलीं व माल पुन्हां भट्टींत गेला, तर वीज व मजुरी कोणाच्या खातीं पडली, हें मालकाच्या वहींतच दिसतें. ती वही ज्यास वाचतां येत नाहीं त्यानें वडिलांच्या पुंजीस हात लावूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

उधारीचेंहि तसेंच. लहान कारखानदाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे, असा २००६ चा कायदा आहे. परंतु एकुलत्या एका मोठ्या गिऱ्हाइकास त्याची आठवण कोण देणार?

शिवाय विजेच्या मोटारीस सिलिंडर-ब्लॉक लागत नाहीं, ब्रेकचे भाग लागतात. तेव्हां कशाचा पॅटर्न करावयाचा, हें आतांच ठरविलें पाहिजे.

परततांना विद्यार्थी विषयाचें विचारीत नाहीं. पॅटर्नची किंमत विचारतो.