खल कोण आणि प्रतिपक्षी कोण?

परवाच्या रविवारी इंदुरातीलच एका स्नेह्यांकडे चहाला गेलो असता गोष्टी निघाल्या त्या ऐंशीच्या दशकातील ‘स्वामी’ या दूरदर्शन मालिकेच्या. रणजित देसाई यांच्या १९६२ सालच्या कादंबरीवर बेतलेली ती मालिका त्या घरातील वडीलधाऱ्यांच्या अजून स्मरणात आहे. कॉलेजात शिकणाऱ्या नातीने सहज विचारले, “आजोबा, म्हणजे राघोबादादा त्यातले खलनायकच ना?”

आजोबा क्षणभर थांबले. मग म्हणाले, “माधवरावांच्या महालातून पाहिलेस तर विरोधक. आपल्या इंदुरातून पाहिलेस तर चाल करून आलेला शत्रू. आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेस तर डावलला गेलेला मनुष्य. खलनायक म्हणायचे की नाही, ते यानंतर ठरव.”

हे उत्तर आमच्या मनात घोळत राहिले. आपण रोज सायंकाळी ज्या मालिका पाहतो, त्यांत खल आणि प्रतिपक्षी यांची आपण किती सहज गल्लत करतो, हे त्यामुळे नव्याने जाणवले.

वास्तविक हे दोन शब्द भिन्न आहेत. नायकाच्या हेतूच्या आड जो उभा राहतो, तो प्रतिपक्षी. हे झाले त्याचे कथेतील स्थान. खलत्व हा मात्र स्वभावाचा दोष. दोन्ही एकाच ठायी असू शकतात, पण असलेच पाहिजेत असे नाही. बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ मालिका १९८८ ते १९९० या काळात घरोघर पाहिली गेली. तीत भीष्म दहा दिवस कौरवसेनेचे नेतृत्व करतात. पांडवांच्या विजयात त्यांच्याएवढा मोठा अडसर दुसरा नाही. तरी ते शरपंजरी पडले तेव्हा घराघरांतून डोळे पाणावले. शकुनीसाठी कोणी रडले नाही. भीष्म प्रतिपक्षी होते. शकुनी खल होता.

आपल्या परंपरेला हा भेद नवा नाही. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त चाणक्याचा प्रतिस्पर्धी आहे अमात्य राक्षस, आणि त्याचा अपराध एवढाच की तो पडलेल्या नंदकुळाशी एकनिष्ठ आहे. म्हणूनच तर चाणक्य त्याला मारू इच्छित नाही. चंद्रगुप्ताचा मंत्री म्हणून त्याला जिंकू इच्छितो. शत्रूचा सद्गुण हाच तेथे कथानकाचा कणा आहे.

मग मालिका पाहताना गल्लत का होते? आमच्या मते याचे मूळ दृष्टिकोनात आहे. ‘महाभारता’त साक्षात काळच निवेदक होता. तो हस्तिनापुरातही होता आणि वनातही. त्यामुळे धृतराष्ट्राची व्यथाही आपल्याला कळे. परंतु कथा जेव्हा एकाच पात्राच्या खांद्यावरून सांगितली जाते, तेव्हा त्याला जे दिसते तेवढेच आपण पाहतो, त्याला जे खुपते तेच आपल्यालाही खुपते. त्याच्या वाटेत येणारा प्रत्येक जण हळूहळू दुष्ट भासू लागतो.

अमेरिकेतील ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिकेने (२००८–२०१३) या गोष्टीचा जणू प्रयोगच करून दाखविला. वॉल्टर व्हाइट हा रसायनशास्त्राचा शिक्षक. कर्करोग झाल्याचे कळताच कुटुंबाच्या तरतुदीसाठी तो मादक पदार्थ बनवू लागतो. बहुतांश कथा आपण त्याच्या बाजूने पाहतो. त्याचा साडू हँक अमली पदार्थांविरोधी खात्यात अधिकारी आहे. तो इमानाने आपले कर्तव्य करीत असतो. तरी तो सुगावा काढीत जवळ आला की आपलाच जीव धास्तावतो! विष विकणारा नायक, आणि त्याला पकडणारा प्रतिपक्षी. येथे खलत्व नायकाच्याच अंगी मुरत जाते आणि आपल्याला ते उशिरा उमगते.

याची खरी किंमत मात्र दुसऱ्याच कोणाला मोजावी लागली. वॉल्टरची पत्नी स्कायलर त्याला जाब विचारते, मुलांना जपू पाहते. असंख्य प्रेक्षकांना तीच नकोशी झाली. ती भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन यांनी २०१३ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून सांगितले, की पात्रावरचा हा द्वेष थेट आपल्या व्यक्तीपर्यंत येऊन पोहोचला आहे. एका संसारी स्त्रीचा अपराध कोणता? तर ती कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूस उभी होती.

आता पुन्हा राघोबादादांकडे वळू. १७५८ साली ज्यांच्या सैन्याने लाहोर घेतले, त्यांच्यासमोर १७६१ मध्ये सोळा वर्षांचा पुतण्या पेशवाईच्या गादीवर बसला. त्यांची बोच समजून घेण्यासाठी त्यांचा पक्ष घ्यावा लागत नाही. पण समजून घेतले म्हणजे क्षमा केली असेही नव्हे. मालेराव होळकरांच्या निधनानंतर १७६७ मध्ये तेच दादासाहेब फौज घेऊन होळकरांच्या दौलतीवर आले, आणि अहिल्याबाईंच्या कणखरपणापुढे त्यांना हात आवरता घ्यावा लागला. माधवरावांनी या प्रसंगी कौल दिला तो अहिल्याबाईंच्या बाजूने. ‘स्वामी’ ही माधवरावांची कथा. तीत काका हे घरातले दुखणे असणारच. हीच हकीकत आमच्या शहरातून कोणी सांगितली, तर तिचा रंग निराळा होईल. तिन्ही कथा खऱ्या, पण एकीवरून दुसरीचा निवाडा करता येत नाही.

आजच्या कौटुंबिक मालिकांत ही दृष्टी क्वचितच आढळते. कटकारस्थान करणारी बाई आली की ढोल वाजतात, तिचा चेहरा तीनदा जवळून दाखवला जातो. प्रेक्षकाने विचार करू नये याची जणू व्यवस्थाच असते. खल रंगवणे सोपे, कारण त्याला कारण लागत नाही. प्रतिपक्षी रंगवायचा तर त्याच्या माजघरात जाऊन बसावे लागते.

हा प्रश्न केवळ नाट्यशास्त्राचा नव्हे. घरात प्रत्येक जण आपल्या कथेचा नायक असतो, आणि दुसऱ्याच्या कथेत आपण कोण आहोत याचा त्याला पत्ता नसतो.

आम्ही निघालो तेव्हा इतका वेळ गप्प असलेल्या आजी हसून म्हणाल्या, “सून नवी होती तेव्हा आम्ही दोघी एकच मालिका पाहायचो. मला त्यातली सून उर्मट दिसायची, हिला सासू दुष्ट दिसायची. जाहिराती लागल्या की आम्ही एकमेकींना समजावायचो. आमची निम्मी भांडणे त्या जाहिरातींतच मिटली.”

सूनबाई कपबश्या उचलीत होत्या. त्यांनी मान वर न करताच दुरुस्ती केली, “निम्मी नाही, सगळी.”